दोन चमचे तेल

डॉक्टर वसुधा शेवडेचं निदान चुकत नाही, असं टेक्ससच्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी मंडळींचं मत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना तिनं स्वतः ते पटवून दिलं होतं. ती लहान मुलांची डॉक्टर. पोर दारातून रडत आत आलं की नुसत्या सुरावरून तिला कळायचं, कान दुखतोय की पोट. अशा बाईला स्वतःच्या गॅरेजमधला रोग तीन आठवडे ओळखता आला नाही. अर्थात तीन आठवडे ती तिकडे फिरकलीच नव्हती, हेही सांगायला हवं.

गॅरेजमध्ये तिचा नवरा गुरुदत्त होता आणि त्याची जुनी मोटरसायकल.

गुरुदत्त ड्रिलिंग इंजिनियर. बावीस वर्षं एका तेल कंपनीत काढली. शहाऐंशी साल उजाडलं, तेलाचे भाव गडगडले आणि मार्चमधल्या एका सकाळी कंपनीनं त्याचा अख्खा मजला रिकामा केला. टेबलावरच्या वस्तू भरायला प्रत्येकाला एकेक खोका मिळाला. गुरुदत्तनं तो रिकामाच परत केला आणि घरी आला.

त्या दिवसापासून तो बदलला. दारू नाही, आरडाओरडा नाही, वाईट असं काहीच नाही. तो नम्र झाला. एरवी वरणात हिंग कमी पडला तरी विधानसभेत बोलावं तसा बोलणारा माणूस, आता "चालेल" म्हणायचा. "तू म्हणशील तसं" म्हणायचा. मंडळाच्या मीटिंगमध्ये एकानं पुलाच्या खांबांबद्दल काहीतरी अचाट विधान केलं, तर हा चहा पीत गप्प बसला. वसुधाला घरी येताना गाडीत रडू आलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि इतका ऐकणारा नवरा तिनं काही पसंत केला नव्हता.

म्हणून जुलैमध्ये त्यानं मोटरसायकलवरची ताडपत्री काढली तेव्हा ती मनातून खूश झाली होती. बावन्न सालची मॅचलेस, एकच सिलिंडर, पाचशे सीसी. टल्सात शिकत असताना त्यानं ती एका म्हाताऱ्या प्रोफेसरकडून घेतली होती. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात, मुलीच्या, उत्तराच्या वेळेला वसुधा सात महिन्यांची गरोदर असताना, तो दुधाच्या बाटल्यांसकट बर्फावरून घसरला. मनगट मोडलं. हॉस्पिटलात प्लास्टर ओलं असतानाच वसुधानं सांगून टाकलं होतं, "घरात एकतर ती राहील नाहीतर मी." गाडी झाकली गेली. नंतर ते टेक्ससला आले, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून तीही आली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. झाकून ठेवल्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती.

त्याच जुलैत जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं पत्र आलं होतं. संध्याकाळच्या वर्गाला मशीनं शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. अठरा ऑगस्ट, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. गुरुदत्त म्हणाला, "आधी ही चालू होऊ दे. मग बघू." वसुधानं ते मान्य केलं, कारण ती चालू होणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. या माणसानं समुद्राच्या तळाशी दोन मैल खोल भोकं पाडली होती.

पण ती चालू झाली नाही. इंजिन जाम होतं. सिलिंडरचं डोकं काढून बघितलं तर पिस्टन मध्येच चिकटून बसलेला. गुरुदत्तनं केरोसीन ओतलं, डीझेल ओतलं, गंज सोडवायची दुकानातली सगळी औषधं ओतली, लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हातोडा मारला. पिस्टन केसभरही हलला नाही.

गुरुवारी जेवताना तो म्हणाला, "रोझेनबर्गला डॉब्स म्हणून एक माणूस आहे. जुन्या गाड्यांचे पार्ट्स घेतो. शनिवारी सकाळी बोलावलंय त्याला."

"विकताय?"

"काय करायचं ठेवून? आणि कॉलेजला सोमवारी नाही म्हणून कळवून टाकतो."

"आता कॉलेजनं काय केलं?"

"अगं, ती गाडी मी माझ्या हातानं पॅक केली होती. सगळं बाय द बुक. तरी इंजिन सीझ झालं. मला स्वतःचं एक मशीन नीट ठेवता आलं नाही, मुलांना काय कपाळ शिकवू?" आणि मग अगदी नम्रपणे त्यानं विचारलं, "कोशिंबीर देतेस थोडी?"

वसुधानं कोशिंबीर वाढली. मार्चमध्ये त्याची नोकरी गेली होती. सोमवारी तो स्वतःला कायमचं नापास करून घेणार होता आणि ते पत्र एकदा टाकलं की मागे फिरणं नव्हतं. मग उरलेली वीस-पंचवीस वर्षं हा "चालेल" म्हणत समोर बसणार.

शुक्रवारी तिनं शेवटच्या दोन अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या आणि चार वाजता चहाचे दोन कप घेऊन गॅरेजमध्ये गेली. आत उकाड्याची भट्टी पेटली होती. गुरुदत्त स्टुलावर बसून डॉब्ससाठी सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधत होता. वसुधानं कप ठेवले आणि सवयीनं रोग्यावर वाकली. पिस्टनच्या माथ्यावर तपकिरी, चकचकीत असा कडक थर होता. तिनं त्यावर नख मारलं. पापुद्रा निघाला. तिनं तो नाकाशी नेला.

हा वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या एक्झॉस्टच्या जाळीवर दर दोन महिन्यांनी हाच थर बसायचा. फोडणीच्या तेलाचा. चिकट, मग कडक, मग घासून हात मोडले तरी न निघणारा.

पुढच्या क्षणी तिला सगळं आठवलं आणि तिच्या अंगाला त्या उकाड्यातही घाम फुटायचा थांबला.

गाडी झाकून ठेवल्यावर पहिल्यांदा रिगवर निघताना, बॅग हातात घेऊन दारातूनच गुरुदत्त म्हणाला होता, "वर्षातून एकदा प्लग काढून आत दोन चमचे तेल सोड. आणि किक मार दोन-तीनदा." सांगणारा सांगून गेला आणि विमानात बसेपर्यंत विसरलाही. वसुधा विसरणाऱ्यांतली नव्हती. दर दसऱ्याला ती वाहनांची पूजा करायची. तिची गाडी, त्याची गाडी आणि कोपऱ्यातली ही सवत. हळदकुंकू, झेंडू मिळाला तर झेंडू, नाहीतर अंगणातलं काहीही पिवळं. मग पान्यानं प्लग काढून दोन चमचे तेल. गुरुदत्त ऑक्टोबरात हटकून कुठल्यातरी समुद्रावर असायचा, त्यामुळे हा सोहळा त्यानं कधी पाहिलाच नाही. पहिल्या वर्षी तिनं त्याच्या डब्यातलं इंजिनाचं तेल घातलं. दुसऱ्या वर्षी डबा रिकामा होता. मग तिनं स्वयंपाकघरातलं घातलं. त्यातही साधंसुधं नाही, करडईचं. कोलेस्टेरॉल कमी, हृदयाला उत्तम, पेशंटांच्या आयांना ती स्वतः शिफारस करायची ते. इंजिन म्हणजे गाडीचं हृदयच, असा तिनं सरळ हिशोब केला होता. किक मात्र पहिल्याच वर्षी साडीत अडकून उलटी नडगीवर बसली, तेव्हापासून किकेला तिनं रजा दिली.

अठरा दसरे. छत्तीस चमचे.

सुटका सोपी होती. "अहो, त्या जाळीवर मी अमोनिया वापरते, बघा ना इथे लावून," एवढंच म्हणायचं आणि आत जायचं. थर सुटला असता, गाडी राहिली असती, आणि चुकत नाही अशी डॉक्टर वसुधा न चुकलेलीच राहिली असती. तिनं तोंड उघडलंही होतं. पण गुरुदत्तकडे बघितलं तर तो एका नटाला चिठ्ठी बांधत होता आणि त्यावर सुवाच्य अक्षरात 'नट' असं लिहीत होता. गाडी सुटली असती, पण हा माणूस जन्मभर समजत राहिला असता की त्याचंच चुकलं.

"अहो," ती म्हणाली, "हा गंज नाही. हे करडईचं तेल आहे. मी घातलं."

"काय?"

"तुम्हीच सांगितलं होतं, दर वर्षी दोन चमचे. तुमचा डबा संपला. मग मी घरातलं घातलं. दर दसऱ्याला."

गुरुदत्त हळूहळू उठला. चिठ्ठ्या खाली पडल्या.

"सॅफ्लॉवर ऑइल?"

"हो."

"इंजिनात?"

"हृदयाला चांगलं असतं."

आणि मग गुरुदत्त शेवडे ओरडला. असा ओरडला की समोरच्या लॉनवर पाणी मारणारा शेजारी नळी तशीच सोडून बघायला लागला. "अगं डॉक्टर आहेस की कोण आहेस! सॅफ्लॉवर म्हणजे ड्राइंग ऑइल, वाळून घट्ट होणारं! लोक त्याचा पेंट करतात, पेंट! व्हार्निश! तू माझ्या सिलिंडरला अठरा वर्षं व्हार्निश लावत होतीस!"

वसुधा भिंतीला टेकून ऐकत राहिली. पाच महिन्यांनी तो तिच्यावर ओरडत होता. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून तिनं चहाचा कप तोंडाला लावला.

ओरडता ओरडता त्यानं खडू उचलला आणि जमिनीवर सिलिंडर काढला. मग तेलाच्या साखळ्या काढल्या. हवेतला ऑक्सिजन त्यांना एकमेकींत कशा गुंतवतो ते दाखवलं. खनिज तेल असं का करत नाही ते दाखवलं. अर्धं गॅरेज पांढरं झालं. पाऊण तास झाला तरी तो थांबेना.

"मग तुमचं केरोसीन का नाही लागू पडलं?" वसुधानं विचारलं.

"गुड क्वेश्चन." त्यानं खडू तिच्याकडे रोखला. "कारण एकदा ही साखळी बनली की पेट्रोलियमला ती दाद देत नाही. ती तोडायला अल्कली पाहिजे. पण कॉस्टिक सोडा घातला तर पिस्टन अल्युमिनियमचा, तोच खाऊन टाकेल. म्हणजे माइल्ड काहीतरी..."

"मी जाळीला अमोनिया वापरते. कचऱ्याच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवते. जाळी अल्युमिनियमचीच आहे."

गुरुदत्त एकदम स्टुलावर बसला.

"म्हणजे मी नीटच ठेवली होती," तो म्हणाला.

"एकदम नीट. बाय द बुक."

"मला वाटलं, वसुधा, माझंच काहीतरी चुकलं. म्हणजे सगळंच. तिकडे ऑफिसातसुद्धा. मी जरा आणखी चांगला असतो तर मला ठेवलं असतं."

"तुमचं काही चुकलं नव्हतं," वसुधा म्हणाली. "इथलं चुकलं ते माझं, आणि तिथलं त्या लोकांचं. मी सांगतेय ना. आता उठा, आणि पिशवी धरा."

दोघांनी मिळून अमोनियात भिजवलेलं फडकं सिलिंडरमध्ये कोंबलं आणि वरून काळी पिशवी सुतळीनं आवळून बांधली.

शनिवारी सकाळी पिशवी सोडली तेव्हा आत तपकिरी लापशी झाली होती. गुरुदत्तनं ती पुसून काढली, ताजं फडकं भिजवून आणखी एक तास ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडा मारला. पहिल्या ठोक्याला काही नाही. दुसऱ्या ठोक्याला पाव इंच. त्यानं हातोडा वसुधाच्या हातात दिला. तिसरा ठोका तिनं मारला आणि पिस्टन सरकन खाली गेला.

डॉब्स आला तो दहाला. टोपी घातलेला, ऐसपैस माणूस. त्याला गाडी मिळाली नाही, पण जमिनीवरचं खडूचं व्याख्यान मात्र पहिल्यापासून पूर्ण मिळालं. सगळं ऐकून त्यानं टोपी मागे सारली आणि विचारलं, कुणी घातलं हे तेल?

वसुधा दारात उभी होती. आता सगळ्या फोर्ट बेंड काउंटीत आपली शोभा होणार, अशी तिनं तयारी ठेवली.

"माय वाइफ," गुरुदत्त म्हणाला. "शी हेटेड धिस बाइक. तिनंच मला सोडायला लावली." आणि जे त्याला कालपासून सुचलं नव्हतं ते त्याला बोलताबोलताच सुचलं. "एटीन इयर्स. नॉट वन इयर शी मिस्ड."

डॉब्सनं टोपी काढून हातात घेतली. वसुधा आत निघून गेली, कारण चेहरा लपवायला या वेळी कप नव्हता.

गाडी चालू व्हायला अजून महिना लागणार होता. पिस्टनच्या रिंगा नव्या हव्या होत्या, प्लगला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो दुरुस्तीला पाठवायचा होता, आणि टायर तर हाताला लागताच तुटत होते. सोमवारी सकाळी आठ वाजता इंजिन टेबलावर सुटंच पडलेलं होतं, तेव्हा गुरुदत्तनं कॉलेजला फोन लावला. वसुधा क्लिनिकला निघालेली, पर्स खांद्याला लावून तिथेच थांबली.

"येस, आय विल टेक इट," तो म्हणाला. पलीकडून डीननं काहीतरी विचारलं. गुरुदत्तनं वसुधाकडे बघितलं.

"हो सर, शिकवण्याचा अनुभव आहे," तो खणखणीत इंग्रजीत म्हणाला. "एकच स्टुडंट होती. फार हट्टी. चुका भयंकर करते, पण कबूल करते आणि प्रश्न चांगले विचारते."

"मग पास केलंत का तिला?" वसुधानं विचारलं.

गुरुदत्तनं रिसीव्हरवर हात ठेवला. "रिपीट करावं लागेल," तो म्हणाला, "वर्ग मंगळवारी सातला आहे. वेळेवर ये."