विभूती न लागलेलं पुस्तक

महांतप्पा, माझा धाकटा दीर, वेडा झालाय असं घरात ठरलं तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून माझं मत कुणी विचारलं नाही. बायको गेल्यापासून तो बोलेनासा झाला होता. कपाळाला विभूती लावणं सोडलं होतं. अंगणातल्या धुळीत बोटानं वेटोळी काढायचा, पुटपुटायचा, पुसून टाकायचा. सोमवारच्या मोटारीनं त्याला हैदराबादला वेड्यांच्या दवाखान्यात पोचवायचं, असं आमच्या यजमानांनी, सिद्रामप्पांनी, सांगून टाकलं. मी म्हटलं, त्याच्या मनात काय चाललंय ते आधी बघू तरी. ते म्हणाले, "बघ की. सोमवारपर्यंत मन मोकळं करून ठेव त्याचं."

पण दुसऱ्याचं मन बघायचं कुठं? उमरग्यात किराणा दुकानाच्या माडीवर एका खोलीत वाचनालय होतं. ते माझे मामा, कल्याणप्पा चालवायचे. भर दुपारी गाव झोपलं की मला मागच्या जिन्यानं येऊ द्यायचे. अंदाजानं अक्षरं लावत वाचायला मी तिथंच शिकले. ऊन उतरल्यावर महांतप्पाही तिथं जाऊन बसायचा, एवढं मला माहीत होतं. काय वाचतो, ते मात्र मामा सांगेनात. कोण काय वाचतं हे ते लिहून ठेवत नसत. निजामाचं राज्य, पोलिसांचे अमीनसाहेब अधूनमधून येऊन तेच तर विचारायचे. मामांनी मग लक्षात ठेवणंच सोडलं होतं, आणि ही सवय भाचीसाठी मोडायची त्यांची तयारी नव्हती.

त्याऐवजी त्यांनी मनाच्या आजारांवरचं, पुण्यात छापलेलं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. त्यातली लक्षणं लावून बघितली, तर घरात सगळ्यात आधी मला मोटारीत बसवायला हवं होतं. ते ठेवून दिलं.

मग शेजारच्या पुस्तकाच्या एका पानावर पांढुरका ठसा दिसला. विभूतीच्या बोटाचा. मला वाटलं, सापडली वाट. आमच्या माणसाचं बोट जिथं जिथं टेकलंय ती पुस्तकं काढायची, आणि त्यातनं माणूस लावायचा. कपाटं उपसली. भुताच्या गोष्टींवर ठसे होते, संन्याशाच्या चरित्रावर होते, आणि झाडपाल्याच्या पुस्तकात धोतऱ्याच्या पानावर तर विभूतीचा थरच होता. धोतऱ्याचं विष मला ठाऊक होतं. दोन दिवस मी महांतप्पाच्या चहाच्या कपावर डोळा ठेवून होते.

शेवटी मामांना सांगितलं, तर ते खोकला येईपर्यंत हसले.

"अगं, धोतऱ्यावरचं बोट माझं. दम्यासाठी बघत होतो. आणि या गावात इभूत न लावता वाचायला येतंय कोण?"

एवढं ऐकलं आणि मी कपाट पुन्हा उघडलं. महांतप्पाच तर लावत नव्हता. रोज सकाळी विभूतीचा गोळा त्याच्यापुढं धरायची ती त्याची बायको, शिवगंगा. ती गेली आणि गोळा देव्हाऱ्यातच राहिला.

म्हणजे शोधायचं होतं ते हाताळून झिजलेलं, पण स्वच्छ पुस्तक. ते कोपऱ्यातल्या कानडी फळीवर निघालं. लहान पोरांची पहिली अंकलिपी होती, शिवण उसवलेली, कोपरे वळलेले, विभूतीचा कणही नाही. त्यातली अक्षरं बघितली आणि आमच्या अंगणातली वेटोळी आठवली. आम्ही सगळे कानडी बोलायचो, पण शाळा उर्दू, गावचं लिहिणं-वाचणं मराठी; कानडी वाचता एकालाही येत नव्हतं. येत होतं ते कानडी मुलखातल्या, आळंदकडच्या शिवगंगेला. ती रोज संध्याकाळी नवऱ्याला एका राजकन्येची लांबलचक गोष्ट वाचून दाखवायची. ते पुस्तकही शेजारीच होतं. पानापानाच्या कोपऱ्यावर तिच्या बारीक बोटाची विभूती होती, आणि निम्म्यावर ती थांबली होती. त्यापुढच्या दोन पानांचे कोपरे नुसतेच चुरगळलेले.

मामांनी न विचारता दोन्ही पुस्तकं माझ्या पदरात घातली.

सोमवारी सकाळी यजमान महांतप्पाचं गाठोडं बांधून दारात उभे होते. मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं, विभूती थांबलेलं पान उघडून. म्हटलं, "भाऊजी, पुढं काय झालं हो तिचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पुस्तकाकडं. अक्षराखाली बोट धरलं. किती महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला, तोही कानडीत. राजकन्येनं दार उघडलं. दारात म्हातारी उभी होती. म्हातारीच्या हातात...

तो अडला. रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. यजमानांनी गाठोडं खाली ठेवलं, आणि त्यावरच बसले.

"हातात काय रं?"

"दम धर, अण्णा," महांतप्पा म्हणाला. "जोडाक्षर आलंय."