गाठीवरची शीर

बहीण लाँड्रीत चादरींच्या घड्या करता करता कोसळली, असा निरोप आला तेव्हा वेल्डर एका फाटकाचं बिजागर जोडत होता. हातातलं काम टाकून तो तसाच हॉस्पिटलात धावला. ती स्ट्रेचरवर पांढरीफटक पडली होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

"दादा, आतून कुणी सुऱ्या खुपसतंय रे," एवढं बोलून तिनं डोळे पांढरे केले.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली. "पोटात रक्तच रक्त आहे. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल. पडल्या होत्या का? कुणी मारलंय?"

वेल्डरनं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खाली मान घालून उभा. सकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

ऑपरेशन थिएटरची दारं लागली आणि वेल्डरचं डोकं फिरलं. गचांडी धरून त्यानं मेहुण्याला भिंतीवर आपटलं.

"पोटात लाथ घातलीस ना तिच्या? बोल!"

"दादा, शपथ घेतो, बोट लावलं नाही..."

पहिल्याच ठोशात नाक फुटलं, दुसऱ्यात पुढचे दात हलले. मेहुण्यानं हात उगारला नाही, नुसतं तोंड झाकलं. त्यानं वेल्डर आणखीच चवताळला. तो बरगड्यांत गुडघे हाणत सुटला. बाकडं उलटलं, फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. वॉचमन आणि वॉर्डबॉय अंगाला लोंबकळले तेव्हा कुठे तो आवरला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचल्या. गर्भाशयावर मोठी गाठ होती, तिच्यावरची फुगलेली शीर आपोआप फुटली. फार क्वचित होतं असं. माराची खूण कुठेच नाही."

वेल्डर मेहुण्याकडे वळला. "मग भांडलात कशावरून?"

फाटक्या ओठांतून मेहुणा म्हणाला, "पोट दुखतंय तर डॉक्टरकडे चल म्हणत होतो. ती ऐकेना. ओरडलो."

दुसऱ्या दिवशी बहीण शुद्धीवर आली. नवऱ्याचं सुजलेलं तोंड बघून दचकली. "हे कुणी केलं?"

"मी," वेल्डर म्हणाला. "मला वाटलं..."

"वाटलं?" सलाइनच्या हातानंच तिनं त्याच्या कानाखाली आवाज काढला. सुई निसटली, चादरीवर रक्त ओघळलं, नर्स धावत आली. वेल्डर जागचा हलला नाही.

ती धापा टाकत होती. "जा, दूध आण यांच्यासाठी. गार आण. चावता येणार नाही आता यांना."

तो गाल चोळत जिना उतरला.