जावक क्रमांक ४१७

खासदारांची गाडी चारला निघणार होती. साडेतीन झाले तरी बापूराव चष्माच पुसत होते. खासदारांचे हे जुने स्वीय सहायक. त्यांनी तपासल्याशिवाय संसदेत विचारायचा एकही प्रश्न दिल्लीला जात नसे. नाहीद सकाळच्या एसटीने भद्रावतीहून चंद्रपूरला येऊन त्यांच्यासमोर बसली होती.

तिचा प्रश्न साथींबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचा होता. पुढच्या वर्षी, २००७ साली, तो लागू होणार. मग गंभीर साथीची खबर चोवीस तासांत जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेला, कळवणं देशाला बंधनकारक. त्याला सरकार संसदेची मंजुरी घेणार आहे का, असं तिनं विचारलं होतं. बापूराव म्हणाले, असे करार सरकारच करून टाकतं, सभागृहापुढे मंजुरीला येत नाहीत. म्हणूनच तर विचारायचं, असं ती म्हणाली.

अडचण खालच्या ओळींत होती. जिवतीच्या डोंगरातल्या एका गुड्यात, आदिवासी पाड्यात, माणसं तापानं दगावत असल्याचं आरोग्यसेवक अयूब यांनी उपकेंद्रातून कळवलं. पत्र तालुक्याला अकरा दिवस पडून राहिलं. नवव्या दिवशी अयूब त्याच तापानं गेले.

अयूब तिचे अब्बा.

"नाव काढा लागते, बाई," बापूराव हळूच म्हणाले. "एकट्याचं गाऱ्हाणं दिसलं का प्रश्नच उडवतात."

"अन् ठेवलं तं?"

"तं करारही गेला अन् अब्बाही गेले."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नाहीदनं पिशवीतून पत्राची कार्बन कॉपी काढली. अब्बा पेन इतकं दाबून लिहीत की अक्षरं मागच्या बाजूनं हाताला लागत. तिनं त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग प्रश्नातलं नाव खोडलं, मृत्यूची ओळही खोडली, आणि लिहिलं: 'उपकेंद्राच्या जावक क्रमांक ४१७ च्या पत्रावर अकरा दिवस कार्यवाही का झाली नाही?'

"नंबर तं चालते न, भाऊ?"

बापूरावांनी दोनदा वाचलं. नंबर चालत होता. उत्तर द्यायचं तर कुणाला तरी ते पत्र बाहेर काढावं लागणार होतं, आणि पत्राखाली सही होती.

त्यांनी कागद खासदारांच्या बॅगेत सरकवला आणि कार्बन कॉपीकडे हात केला. "हेही जोडू?"

नाहीदनं कॉपी घडी करून पिशवीत ठेवली.

"नाई. त्याईच्याजवळचं त्याईले शोधू द्या."