वाकणावरचा तुकडा

मंगळवारी अकराच्या सुमारास मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, ताई गेली." बायको आईला भेटायला माहेरी गेली होती, तिथेच तिचं हृदय बंद पडलं. मी प्रयोगशाळेत काप काढत होतो. हातातला काप काचेवर घेतला, मग खुर्चीत बसलो.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी काम करायचो. पेशंटच्या जठरातून काढलेले तुकडे मी मेणात बसवून कापायचो. ती डॉक्टर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सूज आणि झीज किती ते लिहायची. सौम्य, मध्यम की तीव्र. घरी मी 'अहो', तिथे 'कटरसाहेब'.

तीन आठवड्यांनी कामावर गेलो. तिच्या टेबलावर एका शिक्षिकेच्या काचा तशाच होत्या. आठ वर्षांची जुनी सूज, पाच जागांचे पाच तुकडे. चारांपुढे तिने 'मध्यम' लिहिलं होतं. जठराच्या वाकणावरच्या पाचव्यापुढे लिहिलं होतं, "आडवा बसलाय. परत करा, अहो."

तुकडा मेणात उभा बसला तरच अस्तराची पूर्ण जाडी दिसते. नाहीतर आतल्या ग्रंथी किती झिजल्या ते कळत नाही. घाई माझीच. डबा निवतोय म्हणून तिने दोनदा हाक मारली होती.

नवा डॉक्टर म्हणाला, "काका, चार मध्यम आहेत, पाचवाही मध्यमच धरू. ती शिक्षिका बिचारी दोनदा विचारून गेली."

"असं धरलं तर ही मला घरात घेणार नाही," मी बोलून गेलो.

त्याने पाचवी काच माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "करा."

मी मेण वितळवलं. तुकडा तिळाएवढा, त्यातला निम्मा आधीच कापून गेलेला. या वेळी चुकलो असतो तर दुसरा नव्हता. मेण गोठेपर्यंत चिमट्याने उभा धरून ठेवला. मग काप, रंग, आणि काच डॉक्टरपुढे.

तो बराच वेळ पाहत राहिला. "इथल्या ग्रंथी जवळपास संपल्यात, काका. तीव्र. यांना दर तीन वर्षांनी दुर्बीण घालून पाहावं लागेल. मध्यम लिहून मोकळा झालो असतो, तर कोणी बोलावलंच नसतं."

बायकोचं म्हणणं खरं ठरलं म्हणून मला बरं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. शिक्षिका परकी असली तरी पोट तिचं होतं.

तीव्र निघालं की पेशंटला आधी बायको स्वतः फोन करायची, कागद नंतर. डॉक्टरने शिक्षिकेचा नंबर माझ्यापुढे ठेवला. "बाई कसं सांगायच्या ते तुम्हीच ऐकलंय. सुरुवात तुम्ही करा, पुढचं मी बोलतो."

फोन अजून केलेला नाही.