बग्गीचा चौथा बेल्ट

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्या, की तिसगावच्या बाजाररस्त्यावरचं सत्यशीलाचं गॅरेज एकदम शांत होतं. जायच्या आधीचे पंधरा दिवस प्रत्येकाला मोटरसायकल आजच्या आज दुरुस्त हवी असते, आणि नंतर महिनाभर कुणाला काहीच नको असतं. अशाच एका रिकाम्या मंगळवारी हर्षलचा फोन आला.

"ताई, बग्गीचा बेल्ट गेला."

"परत?"

"तिसरा. आता इंजिनच मोठं टाकू का?"

हर्षलनं वडिलांच्या मुरमाड माळावर, जिथं मटकीसुद्धा धड येत नव्हती, कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं. नगर-पुण्याची माणसं हुरडा खायला यायची आणि खाल्लेला जिरवायला बग्गीतून डोंगरावर जायची. बग्गी जुनीच घेतलेली, पण ऐटबाज. पाइपांचा पिंजरा, दारं नाहीत, दोघं पुढं, दोघं मागं, आणि चार गलेलठ्ठ चाकं. ती चाकंही हर्षलला कमी वाटली म्हणून त्यानं आणखी मोठी बसवली होती. परदेशातल्या बग्ग्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारतात ते व्हिडिओ तो रोज बघायचा.

बग्गी चालवायला त्यानं श्रीमंतमामांना ठेवलं होतं. मामांनी पाथर्डी-तिसगाव मार्गावर तीस वर्षं जीप चालवलेली. सत्यशीला आयटीआयला पाथर्डीला जायची ती त्यांच्याच जीपमधून, दहा माणसांच्या जागेत सतरावी होऊन.

सत्यशीला पोचली तेव्हा मामा बग्गीशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"आली का डॉक्टरीन," ते म्हणाले. "पेशंटाला भूक लागती, पण अन्न पचत न्हाई. मोकळी असली की नुसती बोंबलती, पळत न्हाई. माणसं घेऊन चढाला लागली की जळका वास येतो आन् जीव सोडती."

"आणि ड्रायव्हरची तब्येत?"

"ड्रायव्हर ठणठणीत हाय. तीस वर्षांत क्लचप्लेट जाळली न्हाई."

"दोनदा जाळली. माझ्या बापानंच बदलली हुती."

"दोनदा म्हंजे काय जाळनं झालं का."

सत्यशीलानं बग्गी उघडली. प्लग बघितला, कॉम्प्रेशन बघितलं. एअर फिल्टर झटकला तर ओंजळभर फुफाटा निघाला, पण इंजिन निरोगी होतं. मग तिनं बेल्टचं झाकण काढलं. स्कूटीत असतो तसाच हा रबरी बेल्ट, दोन पुल्यांवरून फिरून इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारा, फक्त बराच रुंद आणि जाड. तो एका बाजूनं काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि झाकणाच्या आत काळ्या रबराची लोकर साचली होती. बेल्टला थंड हवा देणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी कुसळांचा बोळा बसला होता.

"हे बघा," ती म्हणाली. "हवाच जात न्हाई. तापून जळतोय."

हर्षलचा चेहरा पडला. "म्हणजे मोठं इंजिन नको? ताकद वाढवायला टर्बोसुद्धा नको?"

"टर्बो कशाला? तुला डोंगरावर पाहुने न्यायचेत का डोंगराच्या पलीकडं फेकायचेत?"

तिनं पाइप साफ केला, पुल्या घासून पुसल्या, हर्षलनं पुण्याहून मागवून ठेवलेला चौथा बेल्ट चढवला आणि हात पुसत सांगितलं, "आता वर्षभर झाकन उघडायचं काम न्हाई."

शुक्रवारी सकाळी मामांचाच फोन आला.

"सत्या, वर्ष लवकर संपलं गं औंदा."

"काय झालं?"

"वास यायला लागलाय. न्हाई, तुझी चूक असं मी म्हनत न्हाई. क्यालेंडराची असंल."

सत्यशीला चहा अर्धा टाकून निघाली. वाटेत तिचं डोकं चालूच होतं. इंजिन चांगलं, पुल्या स्वच्छ, बेल्ट नवा. मोकळी असताना ओरडते आणि भरल्यावर मरते, असं एकाच गाडीला का व्हावं? उघडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तिनं ठरवलं, आज पाना हातात घ्यायचाच नाही, नुसतं शेजारी बसायचं.

मामांनी शेडमधून बग्गी काढली. फाटकापर्यंतच्या सपाट रस्त्यावर इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि शेजारून एक सायकलवाला आरामात पुढं निघून गेला.

"एवढी का ओरडतीय?"

"मोकळी हाय ना. पोरासोरांचं असंच असतं, काम नसलं की आवाज जास्त."

फाटकाशी नगरचं एक जोडपं मागं बसलं. दोघंही अंगानं भरलेली, आणि हुरडा झालेला. डोंगराच्या पायथ्याशी मामांनी बग्गी पूर्ण थांबवली. मागं वळून "धरून बसा" म्हणाले, आणि घाट सुरू होण्याआधी देवाला हात जोडावेत तशा गंभीरपणे त्यांनी गेरचा दांडा 'एल' अक्षरावरून काढून 'एच'वर टाकला.

सत्यशीलानं दांड्याकडं बघितलं. मग मामांकडं. मग परत दांड्याकडं.

अर्ध्या चढावर वास आला. ती म्हणाली, "मामा, इथं थांबा जरा. पाहुन्यांना इथून गाव छान दिसतं."

जोडपं उतरून फोटो काढायला कडेला गेलं. तेव्हा तिनं हळू आवाजात विचारलं, "हा दांडा पायथ्याशी का बदलला?"

"चढ आला. माणसं बसली. म्हनून हेवीत टाकली."

"हेवी?"

"एच म्हंजे हेवी, एल म्हंजे लाईट. मोकळी असली की लाईट, भरली की हेवी. थोडं इंग्रजी मला बी येतं."

सत्यशीलानं ओठ घट्ट मिटले. समोरच्या डोंगराकडं ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"हे सांगितलं कुनी?"

"सांगायला कोन हाय? विकनारा दाखवत हुता तवा हर्षल व्हिडिओ काढत हुता. मीच वाचलं अन् काढला अर्थ."

"मामा, एल म्हंजे लो. तुमच्या जीपचा पहिला गेर. एच म्हंजे हाय, शेवटचा. तुमी भरली गाडी शेवटच्या गेरात घाट चढवताय, अन् मोकळी पहिल्यात पळवताय."

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. तीस वर्षांत त्यांना गाडीबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं.

"म्हंजे तिन्ही बेल्ट मीच जाळले," शेवटी ते म्हणाले.

"चौथा बी भाजत आनला हुता."

"हसून घे. धरून ठिवू नको, पोटात दुखंल."

मग ती हसली. मामाही हसले, पण त्यांच्या हसण्यात जरा ओशाळलेपण होतं. ते दिसल्यावर सत्यशीला थांबली.

"चूक माझी बी हाय," ती म्हणाली. "दुसरं कुनी असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, चालवता कशी म्हनून. तुमी हाय म्हनून विचारलं न्हाई."

बेल्ट निवाल्यावर मामांनी दांडा एलवर टाकला. बग्गी न कुरकुरता, शेळी चढावी तशी चढली. मागून बाई म्हणाल्या, "आता कसं छान वाटतंय," आणि मामांनी मान खाली घालून स्टिअरिंग घट्ट धरलं.

खाली हर्षल वाट बघत होता. "सापडलं का ताई?"

मामा एकाएकी हात धुवायला नळावर गेले.

"सापडलं. ही मोठी चाकं काढ, मूळची लाव, सगळा भार बेल्टवर येतोय. हवेचा पाइप सीटच्या मागून वर घेऊ, म्हंजे कुसळं जानार न्हाईत. आणि पांढरा रंग आन थोडा."

तिनं बारीक ब्रशनं दांड्याशेजारी लिहिलं. एलपुढं 'लोड' आणि एचपुढं 'हलकी'.

हर्षलनं वाचलं. "ताई, एच म्हणजे हाय असतं ना?"

"तुला ठाऊक हुतं तर इतके दिवस कुनाला सांगितलं का?"

हर्षलनं रंगाच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. नळावर मामांचे हात अजून धुऊन होत नव्हते.

फेब्रुवारीत ऑइल बदलायला सत्यशीला आली तेव्हा तोच बेल्ट धडधाकट होता. डोंगरावर फेरी निघाली होती, मागं दोन पाहुणे, पुढं एक जागा रिकामी. ती बसली. पायथ्याशी मामांनी बग्गी थांबवली, एलवर टाकली आणि पाहुण्यांना सांगायला लागले, "राहुरीकडं एक ड्रायव्हर हुता बघा. एलला लाईट समजायचा. किती बेल्ट जाळले बिचाऱ्यानं."

"नाव काय त्याचं?" सत्यशीलानं विचारलं.

"नाव कशाला घ्यायचं. मानूस चांगला हुता."

वर पोचल्यावर पाहुणे म्हणाले, आम्ही चालत उतरतो. मामांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "चल, तू घे खाली. दुरुस्त करती आन् चालवत न्हाई, हे बरं दिसत न्हाई."

मोकळी असली तरी उतार होता. उतरताना इंजिनानंच गाडी धरून ठेवावी म्हणून सत्यशीलानं न विचारता एलच ठेवला. शेजारी मामांनी पिंजऱ्याचा पाइप दोन्ही हातांनी धरला होता, आणि प्रत्येक वळणाच्या बरंच आधी त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता.

"हळू," ते म्हणत होते. "हळू गं. घाई कशाची हाय."

"गुरांपेक्षा हळू चाललोय मामा," ती म्हणाली, आणि पुढच्या वळणावर त्यांच्यासाठी आणखी हळू झाली.