पाण्याबाहेर राहिलेला गुडघा

मुद्दा पहिला.

पाळकसाहेबांचं डोकं उपदेशासारखं चाले, मुद्द्यांनी. आज उपासना संपून सभासदांची सभा भरली, तेव्हा त्यात एकच मुद्दा उरला होता: वहिनींचा गुडघा.

वहिनी म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतल्या. तान्हेपणी कपाळावर चार थेंब पडलेले, आणि ते इथे कोणी बाप्तिस्मा मानत नसे; इथे सगळं अंग पाण्याखाली जावं लागे. म्हणून प्रभुभोजनाचं ताट दर वेळी त्यांच्या मांडीवरून पलीकडे जाई. भाकरीचा तुकडा मिळावा एवढ्यासाठी त्या आज सकाळी व्यासपीठाखालच्या कुंडात उतरल्या. पाण्याची त्यांना जन्माची भीती. पाळकसाहेबांनी मागे झुकवलं, त्या ताठरल्या, सगळं अंग बुडालं आणि एक गुडघा वर आला.

"दिसला मला," मंडळीचा कारभार बघणारे डीकनकाका म्हणाले. मंडळी माघारी त्यांना फूटपट्टी म्हणे. "चांगला वीतभर बाहेर होता."

"प्रार्थना चालू होती ना, काका?" वहिनी म्हणाल्या. "मग डोळे कशाला उघडे?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. काकांचे कान लाल झाले.

"बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाला पुरणं. हे मी नाही, पाळकसाहेबच सांगतात. मढं पुरताना पाय बाहेर ठेवतात का?"

"अहो, माणूस बुडवायचं की मापायचं?" पेटी वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही पेटी सांभाळा. तीही सुरात नसते."

मुद्दा पहिलाच, अजून.

डोक्यावर बिशप नको म्हणून आपण बाप्तिस्ट, असं पाळकसाहेब नव्या लोकांना अभिमानाने सांगत. इथे मंडळी ठरवते. आज समोर बघताना त्यांना दिसलं की बिशप कुठे गेलेच नव्हते, बाकाबाकावर एकेक बसला होता. ह्याच्या मुलीचं लग्न लावलं. त्याच्या आईच्या उशाशी बसलो. आणि हे लोक एका विधवा बाईच्या पायाची चर्चा करताहेत, बिस्किटं चहात बुडवून! बिस्कीट मात्र अर्धंच बुडवतात.

"भाऊजी, बोला की," वहिनी म्हणाल्या. केस अजून निथळत होते. "हात तुमचे होते. झाला की नाही झाला, तुम्ही सांगा."

"मंडळी ठरवेल, वहिनी. आपली पद्धत आहे."

पद्धत! शब्द तोंडातून निसटला आणि त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. वहिनींनी मान फिरवली.

हात वर झाले. पुन्हा बुडवावं, असं म्हणणारे जास्त निघाले. पाळकसाहेबांच्या बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"झालं तर मग," काका उठले. "कुंड भरलेलंच आहे. बाई ओल्याच आहेत. आत्ताच उरकून टाकू."

मुद्दा दुसरा. उरकून!

पाळकसाहेब उठले, बुटांसकट कुंडाच्या पायऱ्या उतरले. कमरेपर्यंत पाण्यात वाकून त्यांनी तळाचं बूच उपटलं. पाणी घशात अडकल्यासारखा आवाज करत जाऊ लागलं.

"बाप्तिस्मा झालेला आहे," ते खालून ओरडले. "मी दिलाय. ज्याला पटत नाही, त्याने मला काढायचा ठराव आणावा."

"आणतो की! भितो की काय?"

"आणा!"

ते वर आले तेव्हा वहिनी ओले कपडे पिळून पिशवीत कोंबत होत्या.

"आत्ता कंठ फुटला, भाऊजी? सगळ्या गावाने माझा पाय मापून झाल्यावर?"

"वहिनी, पुढच्या प्रभुभोजनाला मी स्वतः तुमच्या हातात—"

"कोणाच्या शेजारी बसून खाऊ? ह्यांच्या?" त्यांनी जावेपुढे हात केला. "किल्ली दे गं घराची."

मुद्दा तिसरा.

काकांनी ठराव तिथेच मांडला. आता अध्यक्षाच्या खुर्चीत पाळकसाहेबांना बसता येईना. ते पहिल्या बाकावर बसले, पँटचं पाणी फरशीवर पसरत होतं. चहाचे कप खाली ठेवले गेले. वहिनी किल्ली घेऊन दारात पोचल्या होत्या, तिथेच थांबल्या. त्यांना हात वर करता येणार नव्हता. त्या सभासद नव्हत्या. पण कोणाकोणाचा हात वर जातो, ते त्या डोळे उघडे ठेवून बघत राहिल्या.