दुधाचं विचारायचं राहिलं

मित्रांनो, ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या शेजारी, डोक्यावर विणलेला रुमाल घेऊन बसलेली ती मीच. मी कॉफीची एक जुनी मशीन आहे. जुनी खुशाल म्हणा, पण भंगार म्हणू नका. तो शब्द मी एकदा फार जवळून ऐकला आहे, आणि तीच हकिकत आज सांगणार आहे.

माझा जन्म दिल्लीजवळच्या मानेसरचा. तेव्हा तिथे कारखाने नुकते उभे राहत होते आणि बाजारात रोज काहीतरी नवं परदेशी येत होतं. कॉफीच्या मशिनी मात्र मोठ्या हॉटेलांतच असायच्या, त्याही कपाटाएवढ्या. आमच्या छोट्याशा कारखान्यात श्रीरंग नावाचा पुण्याचा इंजिनियर होता. घरच्या ओट्यावर मावेल अशी मशीन इथंच बनवायची, असं त्यानं मनावर घेतलं. दोन वर्षं तो माझ्यामागे होता. माझ्या पाठच्या टाकीत पाणी भरायचं, ते आत तापायचं आणि जोरानं कॉफीच्या पुडीतून कपात उतरायचं. बाजूला वाफेची नळी, दुधाला फेस आणायला. एवढंच माझं काम, पण पहिल्यांदा ती दाट धार पडली तेव्हा श्रीरंगचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं आहे ते.

मालक व्यवहारी होते. ते म्हणाले, ही एक मशीन एका साध्या घरात महिनाभर ठेवा. घरच्या बाईनं 'मी ही विकत घेईन' म्हटलं तर पुढे बनवू, नाहीतर काम बंद आणि ही भंगारात. झालं! श्रीरंगची दोन वर्षं आणि माझा जीव, दोन्ही एका बाईच्या शब्दावर टांगले गेले.

त्यातून श्रीरंगनं बाई निवडली ती कोण, तर गाझियाबादच्या कुमुदिनीकाकू! काका, म्हणजे मुरलीधरकाका, केंद्र सरकारच्या नोकरीत. काकू वीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. समोरच्याला बरं वाटावं म्हणून त्या कधी बोलत नाहीत, अशी महाराष्ट्र मंडळात त्यांची ख्याती होती. त्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं काकांनीही तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी खोक्यातून बाहेर येते न येते तोच काकूंनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. लाइट गेली की ही इन्व्हर्टरवर चालेल का? नाही चालणार. मग दिवसातून दोनदा ही नुसती शोभेची, असं त्यांनी लिहून घेतलं. इथल्या खाऱ्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो हिच्या आत बसला तर कोण खरवडणार? श्रीरंग म्हणाला, फिल्टरचं पाणी वापरा आणि महिन्यातून एकदा लिंबाचं पाणी फिरवा. रबराचा वॉशर गेला तर कुठे मिळेल? सध्या फक्त कारखान्यात, श्रीरंग म्हणाला. गॅसवर दोन कप कॉफी पाच मिनिटांत होते, ही तापायला किती घेते? वाफेची नळी कशी धुवायची? मग काकांना बोलावून कॉफीची चाळणी बसवायची माझी मूठ फिरवायला लावली. काकांची बोटं सकाळी आखडतात. त्यांना मूठ फिरेना, तेही लिहिलं गेलं.

मला असा राग आला म्हणता! मुलगी बघायला आलेल्यांनी चालून दाखव, गाऊन दाखव म्हणावं, तशी गत. श्रीरंग मात्र बिल्कुल चिडला नाही, उलट प्रत्येक प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेत होता.

काका म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस." दहाव्या दिवशी तेच आंघोळीआधी कप घेऊन माझ्यासमोर उभे! काकू रोज मला पुसायच्या, नळीतून वाफ सोडून ती साफ करायच्या. एकदा शेजारणीला त्यांनी सांगितलं, की मशीन गुणाची आहे. मी मनातून इतकी फुलले, की त्या दिवशी फेस कपाबाहेर गेला.

आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दिल्लीकडची जानेवारीची थंडी, वीस बायका येणार, आणि आपल्याकडे कॉफी म्हणजे नुसत्या दुधाची, साखर आणि जायफळ घातलेली. काकूंनी विचार केला, टाकीत पाणी घातलं की गरम पाणी येतं, मग दूध घातलं की गरम दूध येईल. वीस कपांना वेगवेगळा फेस कशाला काढत बसायचं? हिशेब सरळ होता. त्यांनी लिटरभर दूध साखर घालून, वर जायफळ किसून माझ्या टाकीत ओतलं आणि बटण दाबलं.

अहो, काय सांगू माझी अवस्था! दूध आतल्या बारीक नळ्यांत करपलं, साय अडकली, घशातून आवाज फुटेना. काकूंनी घाईनं प्लग काढला, मला रुमालाखाली झाकलं आणि गॅसवर पातेलं चढवलं. बाहेर बायकांनी कॉफीची तारीफ केली. कुणालाच काही कळलं नाही, काकांनाही नाही.

पुढे लाइट सारखी जात राहिली, काका कामात, आणि माझ्यावरचा रुमाल काही उचलला गेला नाही. तिसऱ्या दिवशी महिना भरला. श्रीरंगला घेऊन मालक स्वतः आले. त्यांनी रुमाल काढून बटण दाबलं. मी घरघरले, करपट वास सोडला आणि बंद पडले.

"बस, श्रीरंग," मालक म्हणाले. "महीने भर में बैठ गई. कबाड़ में डालो." कबाड़ म्हणजे भंगार.

श्रीरंगनं माझ्या मुठीवर हात ठेवला. काकू दारात उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. मशीनच कच्ची, म्हणून विषय संपला असता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला फार भीती वाटत होती.

"भाईसाहब," काकू म्हणाल्या, "मशीन अच्छी है. ग़लती मेरी है. मैंने इसमें दूध डाला था."

काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

श्रीरंगनं मान वर केली. "काकू, तुम्ही एवढं सगळं विचारलंत. तुम्ही कॉफी कशात करता, हे मी विचारायला हवं होतं. माझी आईसुद्धा दुधातच करते."

मालकांनी काकूंना विचारलं, इतकं होऊनही तुम्ही ही विकत घ्याल का? काकूंनी कॅलेंडरचं पान त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, एवढं सुधारा, टाकीवर 'फक्त पाणी' असं मोठ्या अक्षरांत लिहा, मग पहिली मशीन मी घेईन.

तसंच झालं. माझ्या मागून आलेल्या बहिणींची मूठ लांब आहे, खोक्यात जादा वॉशर असतो आणि टाकीवर ते दोन शब्द आहेत. काकूंनी मात्र नवी घेतली नाही. त्यांनी पैसे मोजून मलाच ठेवून घेतलं. श्रीरंगनं दोन रविवार बसून मला लिंबाच्या पाण्यानं धुतलं. तरी आजही मी तापले, की जायफळाचा किंचित वास येतो. काका म्हणतात, हाच वास हवा.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखी कुणी घरात आणण्याआधी खुशाल शंभर प्रश्न विचारा, लाजू नका. आणलीत की तिला वेळच्या वेळी धुवा, पुसा. आणि हातून चूक झाली तर ती रुमालाखाली झाकून ठेवू नका. आम्हाला तोंड नसतं, आमच्या वतीनं तुम्हालाच बोलावं लागतं. त्या दिवशी काकू बोलल्या, म्हणून मी आज या ओट्यावर आहे.